दोन लीड गिटार आणि एक खुडूक कोंबडी

माझ्या थोरल्या भावाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन धुळ्याच्या एका शिबिरात झालं. वहिनीच्या पायाला तेव्हा प्लास्टर होतं, म्हणून त्याच्याजवळ बसायला मी जळगावहून गेले. नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं. शाळेचे वर्ग रिकामे करून ओळीनं खाटा टाकल्या होत्या आणि प्रत्येकाच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या होत्या. मान हलवायची नाही, खोकायचं नाही आणि शिंक येतेय असं वाटलं तर नर्सला आधी सांगायचं, अशी ताकीद होती. येणारी शिंक थांबवून नर्सला हाक कशी मारायची, हे मात्र कोणी सांगितलं नव्हतं.

दादा तेव्हा कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता आणि निवृत्तीला टेकला होता. पण तरुणपणी तो धुळ्यातला पहिला लीड गिटारवाला. त्यांचा चार पोरांचा ग्रुप होता, टाइट पँटी घालायचे आणि इंग्रजी रॉकची गाणी वाजवायचे. गावात त्यांना ‘गिटारवाले’ म्हणत, आणि म्हणताना आवाज थोडा खाली घेत. लग्न होईपर्यंत मी त्या ग्रुपमध्ये गायचे. रेडिओवर ऐकून गाणी देवनागरीत उतरवून घ्यायची आणि म्हणायची. एका शब्दाचाही अर्थ कळायचा नाही. पुढे जळगावात मी इंग्रजी-मराठी टायपिंगचा क्लास काढला, इंग्रजी रोजच्या सरावात आलं, आणि एक दिवस पोळ्या लाटताना त्यातलं एक गाणं सहज गुणगुणले तर अर्थ कळला. हे गाणं मी कॉलेजच्या प्राचार्यांसमोर डोळे मिटून म्हटलं होतं.

तर शिबिरात दादा दुसऱ्या दिवशी कंटाळला आणि छताकडे बघत एक धून गुणगुणायला लागला. शब्द नसलेली, नुसती गिटारची धून. त्या काळी गावोगावचे सगळे ग्रुप ती वाजवायचे.

शेजारच्या खाटेवरून आवाज आला, “तिसऱ्या ओळीत चुकताय.”

दादाची मान हलली नाही, पण कान हलले असावेत. “मी चुकत नाही. मी ती तशीच वाजवायचो.”

“मग वाजवताना चुकायचात.”

मी वळून बघितलं. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यावर मोतीबिंदूचा पडदा, छातीवर ओढलेली चादर. चादरीच्या काठावर डाव्या हाताची बोटं तारा दाबल्यासारखी चालू होती. चेहऱ्यावरून नाही, त्या बोटांवरून मी माणूस ओळखला. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या ग्रुपचा हा लीड गिटारवाला. मालगाडीवर गार्ड होता, म्हणून सगळे त्याला गार्डसाहेब म्हणायचे. दादा मात्र वीस-बावीस वर्षं त्याचा उल्लेख ‘तो माणूस’ असाच करत आला होता.

कारण असं, की भुसावळच्या एका हॉलमध्ये दोन्ही ग्रुपची स्पर्धा होती आणि दादाच्या सोलोच्या मध्यावर वीज गेली. दादाचं म्हणणं, गार्डसाहेबांच्या माणसानं फ्यूज काढला. गार्डसाहेबांचं म्हणणं, दादाच्या अ‍ॅम्प्लिफायरनं हॉलची वीज खाल्ली. अंधारात दोन्ही ग्रुप एकमेकांच्या अंगावर धावून गेले. वीज आली तेव्हा स्टेजवर एक गृहस्थ कोंबड्याचा, म्हशीचा आणि पावशाचा आवाज काढत उभे होते, आणि पहिलं बक्षीस त्यांना मिळालं.

मी शेजाऱ्याची ओळख दादाला कळू दिली नाही. डॉक्टरांनी डोळ्यांवर ताण येऊ देऊ नका म्हणून सांगितलं होतं, आणि या दोघांची ओळख करून देण्याहून मोठा ताण मला सुचेना. दोघं मात्र बोलत राहिले. गिटारच्या तारा पूर्वीच्या कशा होत्या, आताची पोरं एका बोटानं कीबोर्ड दाबतात आणि त्यालाच संगीत म्हणतात, यावर दोघांचं इतकं एकमत झालं की नर्सनं येऊन दोघांनाही दटावलं. दादा मला म्हणाला, “शेजारचे गृहस्थ फार समजूतदार आहेत. चहा त्यांनाही दे.”

पट्टी काढायच्या दिवशी डॉक्टरांनी दादासमोर बोटं धरली आणि विचारलं, “किती दिसतात?”

दादा डॉक्टरांच्या खांद्यावरून पलीकडे बघत होता. “हा इथं काय करतोय?”

डॉक्टरांनी मागे वळून बघितलं आणि समाधानानं कागदावर काहीतरी लिहिलं. ऑपरेशन उत्तम झालं होतं.

गार्डसाहेबांनी दादाला नीट न्याहाळलं. “तरीच तिसरी ओळ चुकीची होती.”

“तुझ्या माणसानं फ्यूज काढला.”

“तुझं खोकं वीज खात होतं.”

“डोळ्यात पाणी आणू नका,” डॉक्टर म्हणाले. म्हणून दोघं थांबले.

गार्डसाहेबांची बायको त्यांना न्यायला भुसावळहून येणार होती, पण तिची गाडी चुकली. जेवणाची वेळ झालेली. पट्टी काढून डोळ्यांवर हिरवी झापड दिलेल्या माणसाला एकटं सोडायचं कसं, म्हणून मी त्यांनाही दादाच्या घरी घेऊन आले. वहिनीनं पाय स्टुलावर ठेवूनच शेवभाजी केली. जेवताना दोघं माझ्यामार्फत बोलत होते. “ताई, त्यांना विचारा, गिटार अजून आहे का.” “सांग त्याला, पलंगाखाली आहे.” हात धुईपर्यंत माझी गरज संपली होती. संध्याकाळी गार्डसाहेबांची बायको येऊन पोचली तेव्हा दोघांनी मिळून नवा ग्रुप काढायचं ठरवलं होतं. हौस होतीच. पण मला वाटतं, आपल्याला वगळून दुसऱ्यानं काढला तर काय, ही भीतीही होती.

“दोघंही लीड,” वहिनी म्हणाली. “दोघंही नवरदेव झाले तर घोडा कोणी व्हायचं?”

हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही.

ड्रमसाठी जळगावच्या जुन्या ग्रुपमधला एकच माणूस दोघांनाही चालत होता. कॉलेज संपल्यावर तो अमळनेरच्या पुढे आपल्या गावी कापसाच्या शेतीत गेला, आणि आता सगळे त्याला आबा म्हणत. आम्ही तिघं एका रविवारी त्याच्या खळ्यात जाऊन उभे राहिलो. आबांनी दोघांना एकत्र बघितलं आणि हातातला दोर खाली ठेवला.

“काय व्हयनं? कोन मरनं?”

“कोणी नाही मेलं,” दादा म्हणाला. “ग्रुप काढतोय. ड्रम आहेत का?”

ड्रम गोठ्याच्या माळ्यावर होते. छोट्या ड्रमची चामड्याची पानं उंदरांनी खाल्ली होती. मोठा बास ड्रम धड होता, पण एका बाजूचं पान फाटलेलं, आणि आत गवत घालून त्यात एक कोंबडी बसली होती. दादानं हात घातला तशी ती टोचली.

“खुडूक बसेल शे,” आबा म्हणाले. “पिल्लं निंघू द्या, मंग येस मी.”

गार्डसाहेबांनी कोंबडीला दुसऱ्या टोपलीत बसवायचं सुचवलं. आबांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं बघितलं की मालगाडीच्या गार्डाला जिवंत प्राण्यांतलं काय कळणार. कोंबडीची जागा बदलली तर ती अंडी सोडते, असं ते म्हणाले. तेव्हा आमच्या ग्रुपचा शुभारंभ पिल्लं निघेपर्यंत लांबला. अधूनमधून दादा मला फोन करून विचारायचा, “कोंबडीचं काय?” फोन आमचे हे उचलत. हे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होते, मितभाषी. “बसलेली आहे,” एवढं सांगून ठेवून देत.

तालमीला जागा माझ्या टायपिंग क्लासची ठरली. धुळ्याहून बस, भुसावळहून आणि अमळनेरहून पॅसेंजर. जळगाव सगळ्यांना मध्ये पडत होतं. शिवाय वर्षानुवर्षं टाइपरायटरचा खडखडाट ऐकून आमच्या शेजाऱ्यांची तक्रार करायची ताकदच संपली होती. संध्याकाळची बॅच सुटली की आम्ही मशीनवर कव्हरं टाकायचो, बाकं सरकवायचो आणि भिंतीला लागून अ‍ॅम्प्लिफायर मांडायचो. एक-दोन मुली मुद्दाम आपल्या मशीनवर टाइप करत रेंगाळायच्या. त्यांचा ठोका आबांच्या ठोक्याशी जुळायला लागला आणि एकीचा वेग इतका वाढला की मी त्यांना रोज थांबू दिलं.

पहिल्याच तालमीला कळलं की बास गिटार कोणी वाजवायची हे ठरलेलं नाही. दादा म्हणाला, गार्डसाहेबांनी वाजवावी, त्यांचा हात जड आहे. गार्डसाहेब म्हणाले, दादाला तिसरी ओळ येत नाही तर त्यानं बासच घ्यावी, त्यात ओळी नसतात. आबांनी काड्या ड्रमवर ठेवल्या. “तुम्ही भांडी ल्या, मी तवलोंग च्या पी लेस.” भांडण संपेपर्यंत चहा, असा त्यांचा हिशेब.

त्या वेळी आमचे हे टेबलाखाली बसून एका वायरला डाग देत होते. अ‍ॅम्प्लिफायरमधून आकाशवाणी ऐकू येत होती, ती बंद करायला मी त्यांना बोलावलं होतं. गार्डसाहेब त्यांना म्हणाले, “भाऊजी, तुम्ही धरता का जरा?”

हे बाहेर आले. “मला संगीतातलं काही कळत नाही.”

“मग बरंच आहे,” दादा म्हणाला.

त्यांना चार सूर शिकवले. ते त्यांनी पाठ केले, आणि पुढे गाणं कोणतंही असो, हे तेच चार सूर त्याच क्रमानं वाजवत राहिले. चेहऱ्यावर टेलिफोनची लाइन तपासतानाचा भाव. चूक कोणाच्या लक्षात येत नव्हती, कारण दोन्ही लीड गिटार इतक्या जोरात चालू असत की खाली काय चाललंय ते कोणाला ऐकू जायचं नाही. मी मधोमध उभी राहून गायचे. गाणं म्हणजे काय, दोघांपैकी एकजण दम घ्यायला थांबला की तेवढ्यात माझी ओळ म्हणून घ्यायची.

नावावरून वेगळं भांडण झालं. धुळे आधी की भुसावळ आधी. आबा म्हणाले, मग जळगाव बी टाका, अमळनेर बी टाका. शेवटी नाव ठेवलंच नाही.

पहिला कार्यक्रम आबांच्या पुतण्याच्या लग्नात. आम्हाला वाटलं होतं मांडवात स्टेज असेल. गेलो तर दारात ट्रॅक्टर उभा, मागे ट्रॉली, ट्रॉलीला झेंडूच्या माळा आणि तिच्या मागे दुसऱ्या ट्रॅक्टरला जोडलेला जनरेटर. आम्हाला वरातीत वाजवायचं होतं.

“आम्ही वरातीत वाजवत नाही,” दादा म्हणाला.

“आम्हीपण नाही,” गार्डसाहेब म्हणाले. त्या दोघांचं एकमत झालेलं मी शिबिरानंतर पहिल्यांदाच ऐकलं.

आबा ट्रॉलीवर चढून ड्रमचे पाय सुतळीनं फळ्यांना बांधायला लागले. मग हे चढले, त्यांनी वायरी जोडल्या. मग नवरदेवाच्या आईनं मला हाताला धरून वर घेतलं आणि खुर्चीवर बसवलं, खुर्चीसकट मला दोरीनं बांधलं आणि ओटी भरली. बांधलेल्या बहिणीला सोडून दादा जाणार कुठे. तोही चढला. मग गार्डसाहेब एकटे खाली कसे राहतील.

लाऊडस्पीकरवर एका माणसानं सांगितलं, “धुळ्याची, भुसावळची आणि जळगावच्या मॅडमची म्युझिक पार्टी आलेली आहे, मंडळींनी लाभ घ्यावा.”

दादानं सुरुवात केली ती त्या जुन्या धुनेनं. संथ, लांब ओढलेली, मोठ्या हॉलमध्ये फार छान वाटायची. वरात निघाली आणि लगेच थांबली. नवरदेवाची घोडी पुढे जाईना. नाचायला आलेली पोरं हात खाली सोडून उभी राहिली. ओट्यावर बसलेल्या एका आजीनं शेजारणीला विचारलं, “कोन मरनं वं?”

एका पोरानं ट्रॉलीच्या कठड्याला धरून विनंती केली, “बाबा, नाचाले व्हई आसं वाजाडो ना.”

“हे इंग्रजी आहे,” दादा त्याला म्हणाला.

“आठे हाई चालत नही, भाऊ,” आबा मागून म्हणाले, आणि कोणाला न विचारता त्यांनी ठेका बदलला. त्यांच्या गावातला लग्नाचा ठेका. त्यावर पोरंच काय, घोडीसुद्धा पाय उचलायला लागली. ह्यांचे चार सूर आपोआप त्या ठेक्यावर बसले. ते काही बदलणार नव्हतेच. आता दोन्ही गिटारवाल्यांपुढे दोनच मार्ग होते, थांबायचं किंवा मागे लागायचं. थांबायला दोघांपैकी कोणी आधी तयार नव्हतं. तीच धून त्यांनी दुप्पट वेगानं धरली, एकमेकांना मागे टाकायला. तिसरी ओळ आली. दादानं ती आपल्या चुकीनं वाजवली, गार्डसाहेबांनी त्यांच्या मते बरोबर तशी, आणि दोन्ही एकत्र निघाल्या तेव्हा त्या एकमेकींच्या शेजारून अशा गेल्या की खुर्चीत बसल्याजागी माझ्या अंगावर काटा आला. दादाची ओळ थोडी वरून जात होती, त्यांची खालून. इतकी वर्षं दोघांनी वेगवेगळी वाजवलेली ओळ जोडीनं वाजवायची होती, हे दोघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मग ती ओळ परत घेतली. परत घेतली. वरात मारुतीच्या पारापाशी अडकली ती हलेना, कारण पोरं ती ओळ संपू देत नव्हती. मला गायला जागाच उरली नाही. शेवटी बायकांनी ट्रॉली अडवली आणि म्हटलं, मॅडमला गाऊ द्या. मी हळदीचं एक गाणं म्हटलं, आमच्या आईकडून ऐकलेलं. त्यातला प्रत्येक शब्द मला कळत होता. गार्डसाहेबांनी त्यामागे फक्त दोन-दोन सूर दिले, हळू. इतका हळू वाजवणारा माणूस त्यांच्यात आहे हे मला माहीत नव्हतं.

मांडवात पोचलो तेव्हा दादाचे केस झेंडूच्या पाकळ्यांनी भरले होते. त्याला विचारलं, “कसं वाटलं?”

“वरातीत वाजवायचं नाही हा आमचा नियम आहे,” तो म्हणाला. मग पाणी प्यायला. “पुढचं लग्न कोणाचं आहे, आबांना विचार.”

त्या मोसमात आम्ही कुठे कुठे गेलो. भडगावला, जामनेरला, आबांच्या सगळ्या भावकीत. जामनेरच्या लग्नात माझ्या क्लासची एक विद्यार्थिनी करवली होती. दोरीनं खुर्चीला बांधलेल्या मॅडमना बघून तिनं तोंडावर हात ठेवला. दुसऱ्या आठवड्यात एक वडील क्लासमध्ये आले आणि खाली आवाजात विचारू लागले, मुलींना फक्त टायपिंगच शिकवता ना. मी हो म्हटलं. ते जरा हिरमुसले. त्यांच्या मुलीला गायची आवड होती.

भांडणं चालूच राहिली. ट्रॉलीत डावीकडे कोण उभं राहणार, टाळ्या वाजल्यावर आधी कोणी वाकायचं, जेवणाच्या पहिल्या पंगतीत कोणी बसायचं. एकदा भडगावला दोघंही रुसले आणि ट्रॉलीवरून उतरले. आबांनी आणि ह्यांनी दोघांनीच वरात पार पाडली, ठेका आणि चार सूर. लोकांना फारसा फरक जाणवला नाही, हे कळल्यावर दोघं आपणहून परत वर चढले.

दोन मोसम असे गेले. मग गार्डसाहेबांच्या मुलीनं त्यांना आणि बायकोला नागपूरला राहायला बोलावलं. गुडघे दुखत होते, भुसावळच्या घराला पायऱ्या होत्या. जाणं भाग होतं. आम्ही सगळे त्यांना पोचवायला भुसावळच्या स्टेशनवर गेलो. गार्डसाहेबांचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनी स्वतः सागवानी खोक्यात बसवलेला, दोन माणसांशिवाय उचलला न जाणारा. तो बर्थखाली सारायला दादा डब्यात चढला. टीसीनं सांगितलं, हे लगेज बुक करायला पाहिजे. गार्डसाहेब म्हणाले, आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मी लोकांचं सामान पोचवलंय, मला नियम सांगू नका. त्यांच्या बायकोनं खिडकीशी जागा धरली आणि डोळे मिटले.

गाडी सुटली. दादा डब्यातच.

आम्ही तिघं फलाटावर राहिलो. खिडकीतून दादाचा हात दिसला, तो निरोपाचा होता की थांबवा म्हणायचा होता, ते कळलं नाही.

“नागपूरलेच जाई वाटस दादा,” आबा म्हणाले, आणि वड्याची गाडी कुठे आहे ते बघायला गेले.

आम्ही बाकावर बसून वडे खाल्ले. ह्यांनी पुढच्या स्टेशनला, मलकापूरला, गाडी कधी पोचते आणि तिथून परत कोणती पॅसेंजर आहे ते चौकशीच्या खिडकीवर विचारून आणलं. ऊन उतरायच्या सुमाराला दादा त्या पॅसेंजरमधून उतरला. शर्टाची एक बाही सागवानाच्या खोक्यानं फाटली होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

“इतका वेळ बोललात काय?” मी विचारलं.

“बोलायचं काय? तो टीसीशी भांडत होता. मी बाजू घेतली.”

“चांगलं केलंस.”

“टीसीची,” दादा म्हणाला. “खोकं फार जड आहे. नियम म्हणजे नियम.” मग आबांच्या हातातला उरलेला वडा घेऊन तो म्हणाला, “दिवाळीत येतो म्हणालाय.”